कागदाचा बोळा, एक खिडकी आणि शंभर फोटो

‘कॅमेरा कोणता घेऊ?’ फोटोग्राफी शिकायची म्हटलं की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न हाच. माझं उत्तर दरवेळी तेच असतं आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा पडतो: सध्या कुठलाच नको. खिशातला फोन पहिले दोन-तीन महिने आरामात पुरतो. त्या काळात शिकायचा असतो तो प्रकाश, आणि तो महागड्या कॅमेऱ्याला वेगळा आणि फोनला वेगळा असा मिळत नाही.

फोनच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. बहुतेक फोनच्या मुख्य लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत यायचं भोक, लहान-मोठं करता येत नाही. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर दिसतं ते फोनने हिशोब करून धूसर केलेलं असतं. म्हणून तर केसांच्या बटा किंवा चष्म्याच्या काड्या मधूनच मागच्या भिंतीत विरघळून जातात. लांबचं टिपायलाही फोन कच्चा. बोटांनी चिमटा ताणून झूम करता तेव्हा बऱ्याचदा फोटो नुसता कापून मोठा केला जातो, तपशील वाढत नाही.

सुरुवातीला एवढंच करा. लेन्स पुसा (हसू नका, ‘फोटो धुरकट येतात’ या तक्रारींपैकी निम्म्या तरी रुमालाने मिटतात). सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जा. आणि स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटोत किती उजेड येणार ते) लॉक होतं, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो, हे आपल्या फोनमध्ये कसं चालतं ते पाहून ठेवा. पुढचे सगळे सराव या एका गोष्टीवर उभे आहेत.

पायरी पहिली: बोळा

एक पांढरा कोरा कागद घ्या, मुठीत चुरगळा, थोडा उलगडा आणि खिडकीशेजारी टेबलावर ठेवा. खोलीतला दिवा बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आले की पुढे एडिटिंगमध्ये कोणताच रंग धड लागत नाही.

आता त्या बोळ्याभोवती फिरा. खिडकी तुमच्या पाठीमागे असली की प्रकाश समोरून पडतो आणि बोळा सपाट दिसतो, सगळ्या घड्या पुसल्यासारख्या. खिडकी बाजूला घ्या. प्रत्येक घडीची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि कागदाला पोत येतो. खिडकी बोळ्याच्या मागे घ्या. कडा चमकतात, पातळ जागी कागद आतून पेटल्यासारखा दिसतो आणि पुढचा भाग अंधारतो. वस्तू तीच, जागा तीच. तुम्ही फक्त चार पावलं फिरलात.

मग अंतर बदला. बोळा खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवून फोटो काढा, नंतर खोलीच्या आतल्या भिंतीजवळ नेऊन काढा. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, हा भौतिकशास्त्रातला नियम. खिडकी मोठी असल्याने तिच्याजवळ तो तंतोतंत लागू होत नाही, पण उजेड भराभर ओसरतो हे डोळ्यांना दिसतं. खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढला की सावल्यांच्या कडा मऊ होतात. बोळ्याच्या सावलीच्या बाजूला दुसरा पांढरा कागद उभा धरला की सावली उजळते. त्याच जागी काळं कापड धरलं की ती आणखी गडद होते. स्टुडिओत महागडी साधनं लावून जे करतात त्यातलं बरंचसं हेच असतं.

या सरावात एक गोष्ट खटकेल: पांढरा कागद फोटोत राखाडी येतो. फोनची यात चूक नाही. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून चालतो. मापनात त्यासाठी सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारा राखाडी रंग प्रमाण मानायची जुनी पद्धत आहे. चौकटभर पांढरं दिसलं की तो म्हणतो ‘फार उजेड झाला’, आणि कमी करतो. काळ्या मांजराच्या बाबतीत उलटं: तो उजेड वाढवतो आणि मांजर करडं होतं. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवायचं, काळ्यासाठी कमी करायचं. ऐकताना उलटं वाटतं. बोळ्यावर एकदा करून पाहिलंत की विसरणार नाही.

असे शंभर फोटो काढा. एका दिवसात नको, आठवडाभरात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खिडकी तीच ठेवा.

पायरी दुसरी: तीन आकडे

कॉलेजचा, मित्राचा किंवा घरातला जुना कॅमेरा हाती आला की ॲपर्चर, शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत येतो ते) आणि आयएसओ (आलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो ते) या तीन आकड्यांशी गाठ पडते. फोनच्या प्रो मोडमध्येही शेवटचे दोन असतात.

ॲपर्चरचे आकडे विचित्र वाटतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एफ हा आकडा म्हणजे लेन्सचं फोकल अंतर (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं ते) भागिले भोकाचा व्यास. त्यामुळे आकडा लहान तितकं भोक मोठं. या यादीत एक घर पुढे सरकलं की भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, म्हणून प्रकाशही निम्मा. शटरचं गणित सरळ आहे: १/१२५ सेकंदावरून १/२५० वर गेलं की प्रकाश निम्मा. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटोतला उजेड दुप्पट.

आता खरी गंमत. आयएसओ तोच ठेवून एफ ८ आणि १/१२५ सेकंद, किंवा एफ ४ आणि १/५०० सेकंद, दोन्हींत फोटोचा उजेड सारखाच. पण पहिल्यात मागची झाडं बरीच स्पष्ट आणि पळणारं मूल जरासं पुसट येईल. दुसऱ्यात झाडं धूसर आणि मूल हवेत थिजलेलं. उजेड बरोबर आला म्हणून काम संपत नाही. त्याच उजेडाच्या अनेक जोड्यांमधून आपल्याला हवी ती जोडी निवडणं, सर्जनशील फोटोग्राफीतला पहिला निर्णय तो.

सगळं मॅन्युअलवर ठेवलं तरच खरा फोटोग्राफर, असा एक समज विद्यार्थ्यांत फार आहे. तो सोडा. कॅमेरा ‘ॲपर्चर प्रायॉरिटी’ मोडवर ठेवा, एफ तुम्ही ठरवा, शटर कॅमेऱ्याला ठरवू द्या, आणि चुकलं तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (उजेड कमी-जास्त करायच्या + / − बटणाने) सुधारा. कित्येक अनुभवी मंडळी आयुष्यभर असंच काम करतात. मॅन्युअल शिकायचंच असेल तर रणरणत्या उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० च्या आसपास, इथून सुरू करा. फिल्मच्या जमान्यातला हा ठोकताळा डिजिटललाही चालतो.

हात हलून फोटो बिघडू नये यासाठीही एक ठोकताळा आहे: ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, २०० मिलिमीटरला १/२०० किंवा त्याहून वेगवान. हा हिशोब तुमच्या हाताचा झाला; समोरचं माणूस हललं तर त्यावर हा उपाय नाही.

आयएसओबद्दल माझी एक फजिती. रात्री घरात फोटो काढताना ३२०० वर ठेवला आणि तसाच विसरलो. दुसऱ्या दिवशी भर उन्हातली सगळी सहल त्याच आकड्यावर काढली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काही कळलं नाही. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर निळ्या आकाशात रवा सांडल्यासारखे दाणे. तेव्हापासून कॅमेरा पिशवीत घालण्याआधी आयएसओ १०० वर आणायची सवय लावली. पण दाण्यांची धास्तीही घेऊ नका. कमी उजेडात आयएसओ वाढवायला घाबरून हललेला फोटो आणण्यापेक्षा दाणेदार पण स्पष्ट फोटो केव्हाही बरा. दाणे एडिटिंगमध्ये कमी करता येतात, हललेला चेहरा धड सावरत नाही.

चौकटीबद्दल थोडंसं

तृतीयांशाचा नियम सगळीकडे वाचायला मिळेल: ग्रिडच्या रेषा जिथे छेदतात तिथे मुख्य विषय ठेवा. ठीक आहे, पण त्याचा मंत्र करू नका. त्याहून जास्त उपयोगी सवय म्हणजे बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवणं. कुणाचं अर्धं कोपर, डोक्यातून उगवलेला खांब, कोपऱ्यातली चमकणारी प्लॅस्टिकची पिशवी हे सगळं तिथे सापडतं. एक पाऊल बाजूला सरकलात की खांब जातो. एडिटिंगमध्ये त्याच खांबाला वीस मिनिटं लागतात.

पायरी तिसरी: जरा खेळ

इथपर्यंत आलात की प्रयोग सुरू करा. सिल्हूट, म्हणजे उजेडापुढची काळी आकृती, सगळ्यात सोपं: उजळ आकाशासमोर माणूस उभा करा, आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, आणखी थोडं खाली आणा. माणसाचा आकार एका बाजूने, हातपाय सुटे दिसतील असा हवा. नाहीतर काळा ठोकळा येतो.

पॅनिंगला, म्हणजे पळता विषय स्पष्ट आणि मागचं पुसट आणायला, चिकाटी लागते. सायकलवरून जाणारा मित्र हाताशी धरा. शटर १/३० ठेवा, तो समोर येण्याआधीपासून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायला लागा, मध्येच बटण दाबा आणि दाबल्यानंतरही फिरवत राहा. बटण दाबताना हात थांबतो, नवशिक्यांची चूक बहुतेक तिथेच होते. कंबरेतून वळा, पाय रोवून ठेवा. तीस प्रयत्नांत दोन साधले तरी चांगलं. मग १/१५ वर जा.

लाइट पेंटिंगसाठी काळोखी खोली, ट्रायपॉड किंवा पुस्तकांची चळत, आयएसओ १००, एफ ८ आणि १५ सेकंदांचं शटर. शटर उघडं असताना टॉर्चने हवेत काहीही काढा. १९४९ साली जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोला अंधारात असाच छोटा दिवा हातात घेऊन हवेत चित्रं काढायला लावली होती. आपण नावापासून सुरुवात करू. नाव फोटोत उलटं येतं, कारण कॅमेरा समोरून पाहतो. ते एडिटिंगमध्ये आडवं पलटवून घ्यायचं.

मला विद्यार्थ्यांना द्यायला सगळ्यात आवडतो तो प्रयोग ‘एकाच खोलीत तीन मी’. यात कॅमेरा आणि एडिटिंग एकमेकांत गुंततात. कॅमेरा पक्का बसवा, फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) तिन्ही लॉक करा, टायमर लावा. एक फोटो रिकाम्या खोलीचा. मग खुर्चीत बसून एक, खिडकीशी उभं राहून एक, जमिनीवर लोळून एक. तीन ठिकाणचे तुम्ही एकमेकांना झाकणार नाही आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही एवढं पाहा. मध्येच ढग आला तर सगळं पुन्हा. एका फोटोत उजेड वेगळा असला की जोड उघडी पडते. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली पाच वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एकच छायाचित्र केलं होतं. जोडकाम खाली, लेयरच्या (एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) भागात.

पायरी चौथी: आधी निवड

एडिटिंगचं पहिलं काम निवड. शंभरातले नव्वद बाजूला ठेवायचे. फोटो काढले त्याच दिवशी हे करू नका, कारण काढताना घेतलेले कष्ट त्या दिवशी आठवत असतात आणि ज्यासाठी झाडावर चढलात तो फोटो उगाच चांगला वाटतो. दोन-तीन दिवसांनी बसा. पहिल्या फेरीत फक्त हललेले, डोळे मिटलेले काढा. दुसऱ्या फेरीत एकसारख्यांतला एक ठेवा. उरतील त्यांतले तीन एडिट करा.

पायरी पाचवी: बोळ्याचं एडिटिंग

फोनवर स्नॅपसीड फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. संगणकावर रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) डार्कटेबल आणि रॉथेरपी, लेयरच्या कामाला गिम्प, तिन्ही मोफत. लाइटरूम आणि फोटोशॉपला पैसे पडतात. कॉलेजच्या लॅबमध्ये असतील तर जरूर वापरा, नसतील म्हणून अडून बसू नका. एकात शिकलेलं दुसऱ्यात जातं, बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात.

जमलं तर रॉमध्ये फोटो काढा. जेपेगमध्ये, म्हणजे फोन नेहमी सेव्ह करतो त्या दाबून लहान केलेल्या फाइलीत, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावली उजळवताना हा फरक दिसतो: जेपेगमध्ये डाग आणि पट्टे उमटतात, रॉमध्ये बरंच काही निघतं. एक मात्र लक्षात ठेवा. पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉमधूनही परत येत नाही.

आता बाजूने प्रकाश घेतलेला एक बोळा उघडा. आधी तिरपा असेल तर सरळ करा, कडेचं फालतू कापा. मग व्हाइट बॅलन्स. खिडकीतून थेट ऊन येत नसेल तर कागद निळसर दिसेल. ड्रॉपर (रंग उचलायचं साधन) घेऊन कागदाच्या मध्यम उजळ भागावर टिचकी मारा, निळसरपणा जाईल. हे बोळ्याला योग्य. सूर्यास्ताच्या फोटोत असं ‘बरोबर’ केलंत तर सूर्यास्तच निघून जाईल. रंगाचं तापमान केल्व्हिनमध्ये दाखवतात: मेणबत्ती १,९०० च्या आसपास, पिवळा बल्ब २,७००, दुपारचं ऊन ५,५००, सावली ७,००० च्या पुढे.

नंतर एक्स्पोजर. हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख असतो, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. बोळ्याचा डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ न्या, चिकटवू नका. हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) किंचित खाली, ब्लॅक (सगळ्यात गडद भाग) किंचित खाली. कागद पांढरा झाला, घड्या राहिल्या.

आता हात बसवायचं काम: डॉज आणि बर्न. हे शब्द डार्करूममधले. प्रिंट करताना कागदाच्या एखाद्या भागावर पडणारा प्रकाश हाताने अडवला की तो भाग उजळ राहायचा, जास्त वेळ पडू दिला की गडद व्हायचा. आपण ब्रशने करायचं. मोठा, मऊ कडेचा ब्रश, जोर १० टक्क्यांच्या आसपास. घड्यांच्या उजळ कडांवरून हलकेच उजळ ब्रश फिरवा, खोलगट भागांवरून गडद. कोपऱ्यात उगाच चमकणारा तुकडा असेल तर तो दाबा, नजर तिकडे पळते. दहा मिनिटांनी ‘आधी-नंतर’ बटण दाबून पाहा. ‘काय केलंय ते कळतंय’ असं वाटलं तर जास्त झालंय, परिणाम निम्मा करा.

रंगीत फोटोत सॅच्युरेशनपेक्षा (ते सगळेच रंग सारखे भडक करतं) व्हायब्रन्स रंग जपून वाढवतं. ते फिक्या रंगांवर जास्त काम करतं आणि आधीच भडक असलेल्यांना फारसं छेडत नाही. शार्पनिंग (कडा धारदार करणं) सगळ्यात शेवटी, फोटो १०० टक्के मोठा करून. तयार प्रीसेटवर (एका टिचकीत लागणारं ठरलेलं एडिटिंग) माझा राग नाही, पण तो लावल्यावर कोणते स्लायडर हलले ते उघडून पाहा, नाहीतर वर्षभराने हातात फक्त प्रीसेट उरतात.

आणि आता ती तीन माणसं. १९९४ साली फोटोशॉपमध्ये लेयर आले. आज गिम्पसकट सगळ्यांत आहेत. तळाला रिकामी खोली, वर तिन्ही फोटो एकावर एक. वरच्या तीनही लेयरना काळा मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारं आवरण) लावा. मास्कचा नियम एकच: पांढरं दाखवतं, काळं लपवतं, राखाडी अर्धवट दाखवतं. सगळे मास्क काळे असल्याने आत्ता फक्त रिकामी खोली दिसेल. पांढरा ब्रश घेऊन पहिल्या लेयरच्या मास्कवर खुर्चीच्या जागी रंगवा, तुम्ही खुर्चीत उगवाल. पायाखालची सावलीही रंगवा. ती विसरली की माणूस तरंगतो. इरेझर वापरू नका. त्याने खोडलेलं जातं ते जातंच, मास्कवर मात्र परत काळं फिरवलं की चूक पुसली जाते. लाइट पेंटिंगचे तीन-चार फोटो एकत्र करायचे असतील तर मास्कचीही गरज नाही. लेयरचा मोड ‘लाइटन’ करा, प्रत्येक जागी जास्त उजळ असेल तेच दिसतं आणि सगळ्या रेषा एका चौकटीत येतात.

अशी जोडाजोड केलेला फोटो दाखवताना ‘जोडलेला आहे’ हे सांगा. बातमीच्या किंवा माहितीपटाच्या फोटोत काही घालणं-काढणं चालत नाही, स्पर्धांचे नियमही वेगवेगळे असतात. कुणाचा चेहरा टिपताना विचारा. लहान मुलांच्या बाबतीत त्यांच्या पालकांना.

फाइली आणि प्रिंट

मूळ फाइलवर कधीही सेव्ह करू नका, वेगळ्या नावाने ठेवा. एकच जेपेग पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केलं की दरवेळी थोडी खराब होते. मूळ फोटो दोन ठिकाणी हवेत, त्यातलं एक त्या संगणकाबाहेर. प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा: ६ बाय ४ इंचाला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. स्क्रीनवर दाखवायचे तर एसआरजीबी या बहुतेक स्क्रीनना चालणाऱ्या रंगपद्धतीत एक्स्पोर्ट करा, नाहीतर एखाद्या स्क्रीनवर रंग मळकट दिसतात. आणि रात्री अंधारात, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून एडिट करू नका. मी प्रदर्शनासाठी बारा फोटो असे केले होते. प्रिंट आल्या त्या सगळ्या काळवंडलेल्या. स्क्रीनच इतकी उजळ होती की मी प्रत्येक फोटो गडद करत गेलो होतो. आता आधी एकच लहान प्रिंट काढतो, ती खिडकीशी नेऊन पाहतो, मग बाकीच्या.

दाखवताना

तीन महिन्यांनी एका विषयावर आठ-दहा फोटोंची मालिका करा: एकच जिना, आजोबांचे हात, पावसानंतरची डबकी, काहीही. ती दोघा-तिघांना दाखवा, पण ‘कसे आहेत?’ विचारू नका, ‘छान’ याशिवाय काही मिळत नाही. फोटो तीन सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: ‘नजर आधी कुठे गेली?’ तुम्हाला हव्या त्या जागेऐवजी ‘मागची लाल बादली’ असं उत्तर आलं, तर घरी येऊन ती बादली थोडी गडद करा, तिची लाली उतरवा आणि पुढच्या आठवड्यात हा फोटो आधी न पाहिलेल्या कुणाला तरी दाखवा.